ओळंब्याचं परतीचं तिकीट

आमच्या गवंड्याला सगळे ओळंबा म्हणायचे. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन. भिंत सरळ उभी आहे की नाही ते त्यावरून कळतं. हे नाव त्याला गुणांमुळे पडलं नाही. तो उंच आणि हडकुळा, त्यात डोकं मोठं, म्हणून पडलं. गुण मागाहून चिकटले. माणसाला एकदा नाव पडलं की तो बिचारा त्याला जागत बसतो.

तो वीटकाम करायचा, मी गिलावा. त्याने उभी केलेली भिंत माझ्या हाती यायची. दुसऱ्या गवंड्यांच्या भिंतीवर मला माल जास्त लागायचा. कुठे पोट आलेलं, कुठे खड्डा, ते सगळं गिलाव्याखाली झाकावं लागायचं. ओळंब्याच्या भिंतीवर मी कधी काही झाकलं नाही. आमची मैत्री एवढ्यावर उभी आहे. बाकी आमचं फारसं पटत नाही.

एकदा एका गिऱ्हाइकाने त्याला सांगितलं, दरवाजा डावीकडे ठेवा. त्याने ठेवला. गिऱ्हाईक येऊन म्हणालं, मी रस्त्यावरून बघून डावीकडे म्हणालो होतो, तुम्ही आतून धरलंत. कंत्राटदार म्हणाला, झालं ते झालं, चालवून घ्या. ओळंब्याने वाद घातला नाही. भिंत उतरवली, विटा खरवडून साफ केल्या आणि दुसऱ्या बाजूला दरवाजा काढून दिला. त्या कामाची मजुरी घेतली नाही. मी म्हणालो, यात तुझी काय चूक? तो म्हणाला, "मी विचारलं नाही ना, कुठून डावी."

पुढे आम्ही दोघांनी काम सोडलं. माझे गुडघे गेले, त्याचा खांदा.

ओळंब्याची लेक परदेशात असते. जावई दवाखान्यातली यंत्रं दुरुस्त करतो. लेकीला दिवस गेले तेव्हा तिने आईला बोलावलं. बापाला बोलावलं नाही. तिकडे घरातल्या भिंती पातळ फळ्यांच्या असतात, बाबा दिवसभर त्या ठोकून बघत बसतील आणि आम्हाला झोपू देणार नाहीत, असं तिनेच फोनवर सांगितलं. ओळंबा म्हणाला, "फळ्यांच्या?"

तिकिटाचे पैसे वहिनींचे. त्या शाळेचे गणवेश शिवतात. कित्येक वर्षांच्या शिवणातून बाजूला पडलेले ते पैसे होते आणि ते एकदाच खर्च होणार होते, हे त्यांना माहीत होतं. शाळा उघडायच्या दिवसांत त्यांना मशीनवरून उठता येत नव्हतं, म्हणून तिकीट काढायला नवऱ्याला पाठवलं. निघताना बजावलं, "जावयाच्या नोकरीचा काही नेम नाही. पैसे परत मिळणारं तिकीट काढा. थोडं महाग पडलं तरी चालेल."

ओळंबा मला बरोबर घेऊन गेला. तिकीटवाल्याचं दुकान एका गल्लीच्या तोंडाशी, झेरॉक्सच्या दुकानाला चिकटून. आत टेबल, त्यावर कॉम्प्युटर, समोर दोन खुर्च्या आणि मागच्या भिंतीवर विमानाचं भलंमोठं चित्र. चित्राखाली भिंतीला ओल होती. रंगाचे पोपडे सुटले होते आणि चित्राचा खालचा कोपरा पुढे आला होता. म्हणजे आत गिलावा फुगलेला. मी ते शिरताशिरताच पाहिलं. ओळंब्यानेही पाहिलं.

"बोला काका."

"तिकीट पाहिजे. परतीचं."

"परतीचंच ना?"

"परतीचंच. घरून तसं बजावलंय."

तिकीटवाल्याने जायची तारीख विचारली, मग यायची. ओळंब्याने दोन्ही सांगितल्या. मग त्याने पडद्यावरून अटी वाचायला सुरुवात केली. सामान इतकं, हातातली पिशवी इतकी, नाव पासपोर्टप्रमाणे, रद्द केल्यास भाडं परत नाही, विमानतळावर इतके तास आधी. ओळंबा प्रत्येक अटीला "हो" म्हणत होता. त्याचे डोळे विमानाच्या शेपटीखाली होते.

"मागून पाइप जातो का?" त्याने विचारलं.

"कसला पाइप?"

"पाण्याचा. या भिंतीमागून."

"कल्पना नाही. छापू ना तिकीट?"

"छापा."

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "मागे न्हाणीघर असणार." मी म्हणालो, झेरॉक्सवाल्याचं बेसिन. यावर आम्ही घरापर्यंत वाद घातला. तिकिटावर कोणी काही बोललं नाही.

मग जावयाची बदली झाली. नुसतं गाव नाही, देशच बदलला. वहिनी म्हणाल्या, "म्हणूनच सांगितलं होतं तसलं तिकीट काढा. आता हे रद्द करा आणि तिकडचं काढा." ओळंब्याने तिकीटवाल्याला फोन केला, रद्द करा म्हणाला, आणि ते लगेच रद्द झालं. त्या धंद्यात एवढं एकच काम झटपट होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पैसे आणायला गेलो.

"कसले पैसे?" तिकीटवाला म्हणाला.

"तिकिटाचे."

"काका, ते नॉन-रिफंडेबल होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे पैसे परत होत नाहीत."

"मी परतीचं मागितलं होतं."

"परतीचंच दिलं होतं की. हे बघा, हे जायचं, हे यायचं."

"माणूस येतो हो परत. मी पैशांचं म्हणत होतो."

"मग तसं म्हणायचं."

"तसंच म्हणालो."

"तुम्ही म्हणालात परतीचं."

"तेच ना."

असं बराच वेळ चाललं. दोघंही खरं बोलत होते, त्यामुळे संपायला काही मार्ग नव्हता. शेवटी तिकीटवाल्याने त्याला पाणी दिलं. माणूस वाईट नव्हता. "मी अटी वाचल्या होत्या काका. तुम्ही हो म्हणालात," तो म्हणाला. ओळंब्याने फुगलेल्या भिंतीकडे पाहिलं आणि ग्लास खाली ठेवला. आपण हो कधी म्हणालो ते त्याला आठवलं असावं. तिकीटवाल्याने एका चिठ्ठीवर विमान कंपनीचा नंबर लिहून दिला. विनंती करून बघा म्हणाला.

घरी वहिनी शर्टाला कॉलर जोडत होत्या. ओळंब्याने उभ्याउभ्या सगळं सांगितलं. भिंतीकडे बघत होतो, हेसुद्धा. मशीन थांबलं नाही.

"मी काय सांगितलं होतं?" वहिनी म्हणाल्या.

"पैसे परत मिळणारं."

"आणि तुम्ही काय मागितलंत?"

"परतीचं."

"तीन शब्द होते. त्यातला दीड घेऊन गेलात. उरलेल्या दीड शब्दाचं काय बांधणार होतात?"

ओळंबा उभाच.

"भावजी, तुम्ही होतात ना बरोबर?" त्या मला म्हणाल्या.

"होतो," मी म्हणालो.

"तुम्ही काय बघत होतात?"

माझे डोळे समोरच्या भिंतीवर गेले. त्यांनी ओळखलं.

हातात पैसे नव्हते, म्हणजे नवं तिकीट नव्हतं. नव्या जागी जावयाला रजा मिळणार नव्हती. लेक परक्या गावात एकटी बाळंत होणार होती. आणि आणखी एक गोष्ट होती. लेक जन्मली तेव्हा वहिनींजवळ कोणी नव्हतं. ओळंबा दूर एका पुलाच्या कामावर होता. वहिनी ते कधी बोलून दाखवत नाहीत. त्याला मात्र ते ऐकू येतं.

फोन लावायचं ठरलं. नंबर लागला की आधी एक बाई सांगे, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग वाजंत्री सुरू. ओळंब्याने थोडा वेळ फोन कानाला धरला आणि म्हणाला, "बसून राहायची मजुरी मी कधी घेतली नाही." त्याच्या न्हाणीघरातली एक भिंत कित्येक वर्षं उघड्या विटांवर होती. वहिनींनी सांगून सांगून सोडून दिलं होतं. त्याने फोन मोठ्या आवाजात खिडकीत ठेवला आणि मला म्हणाला, "थापी आण."

मी माल कालवला आणि भिंतीवर मारायला घेतलं. तो घमेलं भरून देत होता. वीटकाम करणाऱ्याला हे काम हलकं वाटतं, पण त्या दिवशी त्याने तोंडातून शब्द काढला नाही. वाजंत्री चालूच. तीच चाल परतपरत येई, आणि माझा हात तिच्यावर चालायला लागला. मी आयुष्यात बऱ्याच भिंती केल्या, पण ठेक्यावर केलेली तेवढीच. भिंत भरून झाली, फळीने ओढून झाली, मी वरून घोटायला लाकडी रंधा हातात घेतला, तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, "नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?"

दोघांचेही हात सिमेंटने भरलेले. ओळंबा खिडकीशी वाकून बोलला. तिकीट, बदली, लेक, परतीचं, सगळं सांगितलं. फोनवरच्या मुलीने मधे तोडलं नाही. दिवसभर हेच ऐकत असणार ती. तेही कष्टाचंच काम.

"सर, या तिकिटाचं भाडं परत मिळत नाही," ती म्हणाली. "प्रवासी आजारी असल्या तर डॉक्टरांचा दाखला पाठवा, कंपनी विचार करते."

"ती ठणठणीत आहे."

"किंवा घरात कोणाचं निधन झालं असेल तर."

ओळंब्याने माझ्याकडे पाहिलं. "नाही," तो म्हणाला. "सगळे आहेत."

"बरं," ती म्हणाली. तिला थोडं वाईट वाटलं असावं. मग ठेवताठेवता म्हणाली, "कर आणि विमानतळाचं शुल्क मात्र मागता येतं सर. प्रवास झालाच नाही ना. ज्यांच्याकडून तिकीट काढलं त्यांना अर्ज करायला सांगा."

"ते किती असतं?"

तिने आकडा सांगितला. तिकिटाच्या निम्म्याहून कमी, पण हातात धरण्याइतका होता.

संध्याकाळी वहिनींचा धाकटा भाऊ आला. त्याला सगळे बॅरिस्टर म्हणतात. कोर्टाबाहेर तो चहाची गाडी लावायचा आणि कायदा त्याच्या कानावर पडलेला आहे. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"दाजी, एवढंच ना? दाखला आणतो. माझ्या ओळखीचा डॉक्टर आहे. ताईला काय झालंय ते तुम्ही सांगा फक्त."

"मला काही झालेलं नाही," वहिनी म्हणाल्या.

"कागदावर ग. पाठीचा मणका लिहू. मणका कोणाला दिसत नाही."

"आणि पुढच्या महिन्यात त्याच कंपनीच्या विमानात चढेन तेव्हा?"

"बरा झाला म्हणायचं."

"मणका?"

"मग मला मारा," बॅरिस्टर म्हणाला. "जवळचा नातेवाईक आहे मी. भाचीसाठी एवढं करीन."

"तुझं उधार किती जणांचं आहे, ते आधी बघ," वहिनी म्हणाल्या. "दारात रांग लागेल."

मला वाटलं, आता ओळंबा त्याला उठवेल. असल्या गोष्टीत तो कोणाचं ऐकत नाही. पण तो जमिनीकडे बघत होता. मान वर न करता म्हणाला, "मणका लिही."

मी त्याला इतकी वर्षं ओळखतो. त्याने कधी सिमेंटात एक घमेलं वाळू जास्त मारली नाही.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "पैसे तिचे गेले. लिही, काय लागेल ते लिही."

वहिनींनी हातातला दोरा दातांनी तोडला. "लेकीच्या बाळंतपणाला निघाले आणि स्वतःच्या नावावर दुखणं लिहून घेऊ? मला नको. आणि हे खोटं तुम्हाला झेपणार नाही. रोज रात्री उठून माझी पाठ बघाल." मग बॅरिस्टरला म्हणाल्या, "तू चहा पी आणि जा."

ओळंबा त्या रात्री जेवला का, ते मी विचारलं नाही. सकाळी मात्र माझ्या दारात उभा होता.

"तिकीटवाल्याकडे चल."

"अर्जाला मी कशाला?"

"अर्जाला नाही. भिंतीला."

तिकीटवाल्याने कराचा आणि शुल्काचा अर्ज आमच्यासमोर पाठवला. त्याने स्वतःची दलालीही परत केली, मागितली नव्हती तरी. "मीसुद्धा विचारायला पाहिजे होतं, परतीचं म्हणजे कुठलं," तो म्हणाला. ओळंब्याने मान हलवली. हे त्याला समजण्यासारखं होतं. मग म्हणाला, "ही भिंत कोणाची?"

इमारत झेरॉक्सवाल्याची निघाली. त्याला बोलावलं. ओळंब्याने विमानाचं चित्र उतरवलं आणि बोटाच्या पेराने भिंत ठोकली. पोकळ आवाज आला. त्याने नख लावताच गिलाव्याचा मोठा तुकडा खाली आला. झेरॉक्सवाला म्हणाला, "अहो, पाडताय काय?" ओळंबा म्हणाला, "मी नाही पाडत. ती पडलेलीच आहे, चित्राने धरली होती." मागे जाऊन पाहिलं तर इमारतीची मागची अख्खी बाजू तशीच, वरपर्यंत. ना न्हाणीघर होतं ना बेसिन. गच्चीवरचं पाणी उतरवणारा पाइप मधेच फुटला होता. आम्ही दोघंही चुकलो होतो, त्यामुळे त्या विषयावर पुन्हा बोलणं झालं नाही.

काम मिळालं. जुना गिलावा खरवडायचा, सांधे भरायचे, पाइप बदलायचा आणि नवा गिलावा, खालपासून वरपर्यंत. हे तरुणांचं काम आहे. आम्ही परांचीवर चढताना आधी मी गुडघ्यांची समजूत काढायचो, तो खांद्याची. पूर्वी ज्या भिंतीला आम्ही आठवडा लावला असता तिला दुप्पट लागला. कारण वय. दुसरं कारण नाही. काम मात्र पूर्वीसारखंच झालं. वहिनी दुपारी डबा आणायच्या, खाली उभं राहून वर बघायच्या आणि न बोलता जायच्या. एकदा फक्त म्हणाल्या, "खालून सरळ दिसतंय."

ओळंबा वरून म्हणाला, "सरळच आहे."

पैसे मिळाले तेव्हा त्याने माझी मजुरी मोजून माझ्या हातात ठेवली. मी ती घेतली. बॅरिस्टर नंतर मला म्हणाला, मित्राच्या अडचणीत मजुरी घेतलीत? मी म्हणालो, घेतली नसती तर तो पुढच्या कामाला मला बोलावू शकला नसता. त्याला ते कळलं नाही. त्याने उभ्या आयुष्यात पुढचं काम कधी बघितलेलं नाही.

कराचे पैसे आले, दलाली आली, भिंतीचे आले. सगळं एकत्र करून वहिनींनी पदराला गाठ मारली आणि या वेळी स्वतः दुकानात गेल्या. आम्ही दोघं मागे. तिकीटवाल्याने टेबलावर एक पाटी लावली होती, मोठ्या अक्षरांत. 'परतीचं म्हणजे काय, ते आधी ठरवून सांगा.'

"बोला ताई."

"मला माझ्या लेकीकडे जायचंय," वहिनी म्हणाल्या आणि गावाचं नाव सांगितलं. "किती पडतं ते सांगा. सगळ्या प्रकारांनी."

त्याने सांगितलं. पैसे परत मिळणारं तिकीट आवाक्यात नव्हतं. न मिळणारं, जाऊन येऊन, तेही नव्हतं.

"नुसतं जायचं?"

ते बसत होतं.

"ते द्या. रद्द केलं तर पैसे मिळणार नाहीत ना?"

"नाही ताई."

"नकोत. मी जाणारच आहे."

"आणि यायचं?"

"यायचं मग बघू," वहिनी म्हणाल्या आणि गाठ सोडली.

बाहेर आल्यावर ओळंबा मला मागे ओढून हळूच म्हणाला, "यायचं मग बघू म्हणजे काय?"

"विचार की वहिनींनाच."

तो बघत राहिला. वहिनी पुढे निघून गेल्या होत्या. त्याने विचारलं नाही.

वहिनी गेल्या. बाळ वेळेआधी आलं, पण वहिनी त्याच्याही आधी पोहोचल्या होत्या. मुलगी झाली. ओळंब्याला फोन आला तेव्हा आम्ही झेरॉक्सवाल्याच्या मेहुण्याच्या कुंपणाच्या भिंतीच्या कामावर होतो. तो परांचीवरूनच बोलला.

"दोघी बऱ्या आहेत," वहिनी म्हणाल्या. "मी होते जवळ."

"बरं झालं," तो म्हणाला. आणि मग मोकळ्या हाताने विटा सरळ करत बसला. फोन महाग होता, मी खालून हातवारे केले. शेवटी त्याने विचारलं, "भिंती खरंच फळ्यांच्या आहेत?"

"आहेत. मी ठोकून बघितलं. तुम्हाला झोप लागली नसती."

"आणि तू... परत कधी?"

"परतीचं कोण काढणार?" वहिनी म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्या हसल्या की नाही, ते ओळंब्याला सांगता आलं नाही. मी विचारलं होतं.

कुंपण झालं, नंतर एक जिना झाला. जिन्याची मजुरी हातात आली त्याच दिवशी आम्ही तिकीटवाल्याकडे गेलो. विमानाचं चित्र पुन्हा जागेवर लावलेलं होतं, आणि आता सपाट बसलं होतं.

"बोला काका. परतीचं?"

"नाही," ओळंबा म्हणाला. तो वाटेत मनाशी जुळवत आला होता, ते त्याने सावकाश सांगितलं. "तिकडून इकडे. एकेरी. एका बाईचं. पैसे परत नाही मिळाले तरी चालतील. बाई आली पाहिजे."

तिकीटवाल्याने अटी वाचायला सुरुवात केली. सामान इतकं, हातातली पिशवी इतकी. ओळंबा पुढे वाकून ऐकत होता. भिंत कोरडी होती. तिच्याकडे बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.